डोंगर राखला, पतंग गेला

ऑस्ट्रेलियात सप्टेंबर म्हणजे वसंताची सुरुवात. या सुमारास त्या देशाच्या आग्नेय भागातल्या शेतांच्या आणि कुरणांच्या मातीतून एक तपकिरी पतंग बाहेर पडतो, वाटेतल्या फुलांमधला मध पितो आणि रात्रीच्या अंधारात दूरच्या डोंगरांच्या दिशेने निघतो. त्याचे नाव बोगाँग. दर वर्षी असे अब्जावधी पतंग ऑस्ट्रेलियन आल्प्स या पर्वतरांगेत उन्हाळा काढायला जात. २०१७ च्या वसंतात मात्र ते तिथे जवळजवळ पोचलेच नाहीत. ज्या कपारींच्या भिंती त्यांच्या दाटीमुळे दिसत नसत, त्या उघड्या पडल्या. डोंगरावरची त्यांची संख्या सुमारे साडेनव्याण्णव टक्क्यांनी घटल्याचा अंदाज शास्त्रज्ञांनी दिला. डिसेंबर २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेने आपल्या लाल यादीत बोगाँगची नोंद ‘संकटग्रस्त’ म्हणून केली.

यात विचार करायला लावणारी गोष्ट अशी, की ज्या डोंगरावरून तो नाहीसा झाला तो डोंगर कोणी खणला नव्हता की विकला नव्हता. कोशियुस्को परिसराला १९४४ पासून सरकारी संरक्षण आहे आणि १९६७ पासून तो राष्ट्रीय उद्यान आहे. शेजारच्या व्हिक्टोरिया राज्यातला आल्प्सचा मोठा भागही राष्ट्रीय उद्यानात मोडतो. गुहा शाबूत होत्या, खडक जागच्या जागी होते. तरीही पतंग गेला. संरक्षणाची आपली कल्पना नकाशावर एक रेघ ओढून तिच्या आतले जपायचे, अशी आहे. बोगाँगच्या बाबतीत ती अपुरी पडली. का, हे समजण्यासाठी त्याचे आयुष्य पहिल्यापासून पाहायला हवे.

दिसायला बोगाँग अगदी साधा आहे. पंख पसरल्यावर टोकापासून टोकापर्यंत जेमतेम चार ते पाच सेंटिमीटर, अंगाची लांबी तीन सेंटिमीटरच्या आसपास आणि वजन ग्रॅमचा तिसरा हिस्सा. पुढचे पंख गडद तपकिरी. त्यांवर काळपट पट्टा आणि त्यात दोन फिकट ठिपके. मागचे पंख त्याहून फिके. खडकावर बसला तर खडकाचाच तुकडा वाटावा असा हा रंग. शास्त्रीय नाव अ‍ॅग्रोटिस इन्फ्युझा. आपल्याकडे रात्री दिव्याभोवती जे करडे-तपकिरी पतंग घिरट्या घालतात, त्यांतल्या बऱ्याच जणांचे जे नॉक्टुइडी कुळ, त्याच कुळातला हा.

त्याचा जन्म डोंगरावर होत नाही. दक्षिण क्वीन्सलँड, न्यू साउथ वेल्सचा पश्चिम भाग, व्हिक्टोरियाचा पश्चिम भाग अशा सपाट शेतीच्या आणि चराऊ कुरणांच्या मुलखात मादी अंडी घालते. तिकडच्या शरद ऋतूत, म्हणजे आपल्याकडे उन्हाळा सुरू असताना, हे घडते. एक मादी दोन हजारांपर्यंत अंडी घालू शकते. काही दिवसांत अळ्या बाहेर येतात आणि हिवाळ्यातल्या पावसावर उगवलेली रुंद पानांची तणे, कोवळी रोपे खाऊन वाढतात. दिवसा मातीत दडायचे आणि रात्री वर येऊन रोप बुडाशी कुरतडायचे, ही त्यांची रीत. पूर्ण वाढलेली अळी पाच सेंटिमीटरच्या आसपास भरते. मग ती जमिनीत थोडे खोल जाऊन मातीतच लहानशी पोकळी करते आणि तिथे कोषात जाते. वसंतात त्या कोषातून पतंग निघतो.

आता पुढे उन्हाळा. मैदानातले हिरवे वाळून जाणार, ऊन असह्य होणार, अळ्यांना खायला काही उरणार नाही. तिथे लगेच अंडी घालण्यात अर्थ नसतो. पुष्कळसे कीटक अशा वेळी अंड्याच्या किंवा कोषाच्या रूपात दिवस काढतात. बोगाँग थेट हवा बदलायला डोंगरावर जातो. काहींचा हा प्रवास हजार किलोमीटरपर्यंतचा असतो. समुद्रसपाटीपासून साधारण १३०० मीटरच्या वर, ग्रॅनाइटच्या मोठमोठ्या शिळांच्या फटींत आणि गुहांत थंडावा असतो, अंधार असतो. तिथे पतंग भिंतीला चिकटून बसतात. पुढच्याच्या पंखांखाली मागच्याचे डोके, अशी एकावर एक कौले रचावीत तशी त्यांची रांग लागते. आयन कॉमन या ऑस्ट्रेलियन कीटकशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात या गुहांचा अभ्यास केला, तेव्हा एका चौरस मीटरमध्ये सुमारे सतरा हजार पतंग असल्याचा हिशेब त्याने मांडला होता. उन्हाळ्याचे काही महिने ते असेच जवळजवळ निश्चल राहतात. अंगात साठवलेल्या चरबीवर त्यांचे भागते. थंडीतल्या शीतनिद्रेसारखीच ही ग्रीष्मनिद्रा.

उन्हाळा सरला की तेच पतंग परत फिरतात. मैदानात पोचल्यावर मीलन होते, मादी अंडी घालते आणि दोघेही मरतात. अंड्यांतून येणारी पुढची पिढी आईबापांना कधीच पाहत नाही. त्यामुळे वसंतात मातीतून निघालेल्या पतंगाला वाट दाखवणारे कोणी नसते. पक्ष्यांच्या थव्यात एखादा तरी जुना जाणता असतो. इथे सगळेच नवखे. शिवाय क्वीन्सलँडमध्ये जन्मलेल्याला दक्षिणेकडे जायचे असते, तर पश्चिम व्हिक्टोरियात जन्मलेल्याला पूर्वेकडे. तरीही सगळे एकाच डोंगररांगेवर येतात.

हे कसे जमते, याचा शोध स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाचे एरिक वॉरंट आणि त्यांचे सहकारी बरीच वर्षे घेत आहेत. २०१८ मध्ये त्यांनी दाखवून दिले, की बोगाँगला पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र जाणवते आणि डोळ्यांना दिसणाऱ्या खुणांशी मेळ घालून तो दिशा ठरवतो. २०२५ मध्ये याच्या पुढचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पतंगाला बारीक काडीला जोडून, जागच्या जागी उडता येईल अशी सोय केली गेली. भोवतालचे चुंबकीय क्षेत्र निष्प्रभ केले आणि वर फक्त रात्रीच्या आकाशाचे चित्र दाखवले. पतंग त्या ऋतूत जिकडे जायला हवे तिकडेच उडू लागले. आकाशाचे चित्र अर्धा फेरा फिरवल्यावर त्यांनीही तोंड फिरवले. तारे विस्कटून कुठेही विखरून टाकले तेव्हा मात्र ते गोंधळले. चिमुकल्या मेंदूचा हा कीटक ताऱ्यांवरून दिशा ओळखून लांबचा पल्ला गाठतो. पाठीचा कणा नसलेल्या प्राण्यांत हे कौशल्य प्रथमच सिद्ध झाले.

म्हणजे या पतंगाच्या आयुष्याला तीन गोष्टी लागतात. जन्मायला आणि वाढायला ओलाव्याची, रसायनांनी बाधित न झालेली माती. वाटेत तारे दिसतील असे काळोखे आकाश. आणि उन्हाळा काढायला थंड कपारी. आपण संरक्षण दिले ते फक्त तिसऱ्या गोष्टीला. पहिली कोसळली तेव्हा तिसरीचा काही उपयोग झाला नाही. २०१७ ते २०१९ या काळात मरे-डार्लिंग नद्यांच्या खोऱ्यात भीषण दुष्काळ पडला. अळ्यांना लागणारी हिवाळी हिरवळच उगवली नाही, आणि मैदानात जन्मालाच न आलेले पतंग डोंगरावर पोचण्याचा प्रश्नच उरला नाही. पाऊस परतल्यावर संख्या काहीशी सावरली, पण पूर्वीसारखी झाली नाही. दुष्काळ हे मोठे कारण खरे. पण संख्येची उतरण त्याच्याही आधी, १९८० च्या सुमारासच सुरू झाली होती, असे दीर्घकाळच्या नोंदी सांगतात. शेतीसाठी मोकळी केलेली जमीन, कीटकनाशके, वाढते तापमान आणि वाढता उजेड यांकडेही अभ्यासक बोट दाखवतात. आधीच अशक्त झालेल्याला साध्या तापानेही आडवे करावे, तसे दुष्काळाने केले.

पतंग कमी झाले तर बिघडले कुठे, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर त्याच डोंगरावर मिळते. तिथे दगडांच्या राशींमध्ये माउंटन पिग्मी पॉसम नावाचा जेमतेम ४५ ग्रॅम वजनाचा, पोटाला पिशवी असलेला प्राणी राहतो. पूर्वी तो फक्त जीवाश्मांवरून माहीत होता. १९६६ मध्ये माउंट हॉथमवरच्या एका स्की लॉजमध्ये तो जिवंत सापडला. बर्फाखाली कित्येक महिन्यांची शीतनिद्रा संपवून हे पॉसम भुकेले बाहेर येतात, नेमके तेव्हाच मैदानातून चरबीने भरलेले बोगाँग येऊन पोचतात. पिल्लांना पाजायची माद्यांची ताकद मुख्यतः त्यांच्यावर येते. पतंग आले नाहीत त्या हंगामांत व्हिक्टोरियातल्या काही वस्त्यांत अनेक माद्यांची पिल्ले पिशवीतच दगावली. शेवटी प्राणिसंग्रहालयातल्या तज्ज्ञांना या प्राण्यांसाठी बोगाँगची कमतरता भरून काढणारी खास बिस्किटे तयार करावी लागली. निसर्ग जे दर वर्षी फुकट आणून देत होता, ते माणसाला भट्टीत भाजून द्यावे लागले.

माणसांचेही या पतंगाशी जुने नाते आहे. त्या भागातले आदिवासी समाज उन्हाळ्यात डोंगरांवर जमत. एरवी वेगवेगळ्या मुलखांत राहणारे गट तिथे भेटत, विधी होत, सोयरिकी जमत. या सगळ्यांना पुरेल एवढे अन्न पुरवत ते बोगाँग. पतंग गरम राखेत भाजायचे, पंख-पाय झाडून टाकायचे आणि खायचे किंवा वाटून त्यांचे गोळे करून ठेवायचे. व्हिक्टोरियात गुनाईकुर्नाई लोकांच्या भूमीतल्या क्लॉग्ज गुहेत सापडलेल्या वाटण्याच्या दगडावर बोगाँगचे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे सूक्ष्म अवशेष आढळले, असे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. एका समाजाचा दोन हजार वर्षांचा स्वयंपाक त्या दगडावर उमटून राहिला आहे.

मैदान आणि डोंगर किती घट्ट जोडलेले आहेत, हे याच पतंगाने आणखी एका, जरा अस्वस्थ करणाऱ्या प्रकारे दाखवून दिले. २००० च्या दशकाच्या सुरुवातीला संशोधकांना काही गुहांच्या तोंडाशी गवत मेलेले दिसले. पावसाच्या पाण्याबरोबर गुहेतून मेलेल्या पतंगांचा खच वाहून आला होता. तपासणीत त्यात आर्सेनिक निघाले. ते डोंगरावरचे नव्हते. अळीच्या अवस्थेत मैदानातल्या मातीतून ते अंगात गेले होते आणि पतंगाबरोबर उडत शिखरापर्यंत आले होते. एका पतंगातले प्रमाण नगण्य. लाखो पतंग एकाच कपारीत मेले तेव्हा ते नगण्य राहिले नाही. पतंग खाणाऱ्या प्राण्यांच्या विष्ठेतही आर्सेनिक सापडले. आरोग्याच्या दृष्टीने यातला धडा साधा आहे. एका ठिकाणी मातीत मुरलेले विष त्याच ठिकाणी राहील, असे गृहीत धरता येत नाही. ते कोणाच्या ना कोणाच्या अन्नात शिरते आणि राखीव जंगलाच्या फाटकाशी थांबून परवाना मागत नाही.

वाटेतल्या उजेडाची गोष्टही अशीच. २००० च्या सिडनी ऑलिम्पिकच्या वेळी मुख्य स्टेडियमच्या झगझगीत दिव्यांकडे बोगाँगचे थवेच्या थवे खेचले गेले. समारोपात गाणाऱ्या गायिकेच्या पोशाखावर बसलेला पतंग जगभर दिसला. कॅनबेरातले संसद भवन त्यांच्या वाटेवरच आहे. तिथेही ते वर्षानुवर्षे घुसत आले. त्या काळी हा विनोदाचा विषय होता. आता तारे हा त्यांचा नकाशा आहे हे कळल्यावर त्यातला विनोद संपायला हवा. दिव्याभोवती रात्रभर घिरट्या घालणारा पतंग साठवलेली चरबी जाळत असतो. ती चरबी म्हणजे त्याची पुढच्या चार महिन्यांची शिदोरी.

इथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घ्यायला हवा. बोगाँगची अळी रोपे कुरतडते. ऑस्ट्रेलियातल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने ती कीड आहे. आपल्या शेतकऱ्यालाही हे सांगावे लागणार नाही. हरभरा, बटाटा, भाजीपाल्याची रोपे रात्रीत जमिनीलगत कापून टाकणारी जी अळी आपल्याकडे आहे, ती याच अ‍ॅग्रोटिस प्रजातीतली, बोगाँगची सख्खी चुलत बहीण. सकाळी शेतात जावे आणि रोपांची रांग आडवी पडलेली दिसावी, हे दुःख ज्याने भोगले त्याला ‘अळी वाचवा’ म्हणणे सोपे नाही. पण सरसकट फवारणी आणि नेमकी फवारणी यांत फरक आहे. नुकसान ठराविक पातळीच्या वर गेले तरच औषध वापरायचे, हे कृषी विद्यापीठे कितीतरी वर्षे सांगत आली आहेत. ते पाळले तर शेतकऱ्याचा खर्चही वाचतो. बांधावरची हिरवळ, न नांगरलेल्या पट्ट्या, कुरणातल्या तणांचे तुकडे शिल्लक राहिले तर वाईट वर्षातही काही अळ्या तग धरतात आणि चांगल्या वर्षात संख्या पुन्हा उभी राहते. याचा भुर्दंड मात्र एकट्या शेतकऱ्याने का सोसावा? डोंगरावरच्या उद्यानासाठी सरकार पैसा खर्च करते, तर त्याच डोंगराला पतंग पुरवणाऱ्या शेतासाठीही करायला हवा.

दुसरी अडचण आपल्या नजरेची आहे. दुर्मीळ प्राण्याची गणना होते, त्याच्या नावाने योजना निघतात. जे भरपूर असते ते कोणी मोजत नाही. बोगाँग इतके होते, की ते कमी होऊ शकतात हे कोणाच्या मनातच आले नाही. केन ग्रीन यांच्यासारख्या मोजक्या संशोधकांनी वर्षानुवर्षे त्याच त्या गुहांत जाऊन नोंदी ठेवल्या नसत्या, तर २०१७ मध्ये काय हरवले हे सांगायलाही आधार उरला नसता. ज्याची वार्षिक नोंद आहे त्याचीच घट दिसते. म्हणून सर्वसामान्य, उदंड दिसणाऱ्या कीटकांच्या नोंदींना पैसा आणि माणसे मिळणे ही चैन नाही. रुग्णाचा ताप रोज लिहून ठेवावा, तितकेच ते प्राथमिक काम आहे.

काळोख जपता येतो, हेही आता नुसते स्वप्न राहिलेले नाही. न्यू साउथ वेल्समधले वॉरमबंगल राष्ट्रीय उद्यान २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ ठरले. आपल्याकडे पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये असाच दर्जा मिळाला. तो भारतात पहिला. अशा ठिकाणी दिवे बंद करत नाहीत, ते खाली झुकवतात, झाकतात, गरजेपुरतेच लावतात. पण पुन्हा तेच: उद्यानापुरता काळोख पुरेसा नाही. हजार किलोमीटर उडणाऱ्याला वाटेतल्या गावांतही रात्र हवी. स्थलांतराच्या हंगामात महामार्ग, क्रीडांगणे, सरकारी इमारती यांच्या दिव्यांचे नियम ठरवणे हे कोणत्याही राज्य सरकारला जमण्यासारखे आहे, आणि त्यात विजेची बचतच आहे.

व्हिक्टोरियातल्या प्राणिसंग्रहालयांच्या संस्थेने वसंतात घराबाहेरचे दिवे मालवण्याचे आणि बोगाँग दिसला तर छायाचित्र पाठवण्याचे आवाहन लोकांना केले आहे. सिडनी, मेलबर्न, कॅनबेरा भागात आता मराठी घरे पुष्कळ आहेत. हा मजकूर वाचणाऱ्या कोणाचा मुलगा, कोणाची भाची तिथे असेल. सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात अंगणातला दिवा रात्री बंद ठेवा, आणि भिंतीवर दोन फिकट ठिपक्यांचा तपकिरी पतंग बसलेला दिसला तर झाडू न घेता फोन घ्या, एवढे त्यांना जरूर कळवा. डोंगराची राखण सरकार करीलच. डोंगरापर्यंतची वाट मात्र लोकांच्या शेतांतून आणि अंगणांवरून जाते.